वाघबारशीचे पाहुणे

परवा सुनेनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. नातीच्या शाळेनं निरोप पाठवला होता, की दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक मुलानं घरून थोडा फराळ आणावा, डोंगरातल्या गरीब मुलांना वाटायचा आहे. सून म्हणाली, "आण्णा, काय देऊ? लाडू देऊ का शेव?" मी म्हणालो, दोन्ही दे. ती चुलीकडं गेली, म्हणजे गॅसकडं, आणि मी तसाच ओट्यावर बसून राहिलो. डोंगरातली गरीब मुलं म्हणजे आम्हीच की. आमच्याकडं असा फराळ एकदा आला होता, आणि तो कसा आला नि त्याचं काय झालं हे सांगायला या घरात आता एकच माणूस उरलंय. दुसरी होती ती गेल्या आषाढात गेली. ती असती तर तिनं सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं असतं, कारण ही गोष्ट तिचीच आहे. मी त्यात नुसता वाघ होतो.

आमची वाडी शिनोलीच्या पुढं, भीमाशंकरचा रस्ता सोडून डोंगराच्या अंगानं चढत गेलं की लागायची. वीस-पंचवीस घरं असतील. कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचा हात, वर गवताचं छप्पर. माणसं आणि गुरं एकाच छपराखाली, मधे बांबूची एक आड. रात्री गाय उठून उभी राहिली की तिच्या गळ्यातली घंटा वाजायची आणि आई झोपेतच तिला "हां गं" म्हणायची. पहाटे जात्यावर नाचणी. एका घरचं जातं दुसऱ्या घरात ऐकू यायचं, आणि एखाद्या घरचं ऐकू आलं नाही तर आई माझ्या अंगावरची वाकळ ओढायची आणि म्हणायची, "धाकल्या काकीचं जातं आज गप हाय." एवढंच. मग सुपात नाचणी घालून मला पाठवायची. काकीही काही बोलायची नाही. सूप घ्यायची, आणि ते रिकामं परत द्यायचं नाही म्हणून त्यात एखादी काकडी नाहीतर मूठभर वाल टाकायची. दान, मदत असले शब्द आमच्यात नव्हतेच. मी ते शब्द पुढं भाषणांत ऐकले.

दिवाळीच्या आधीचे ते दिवस मला अजून वासावरनं आठवतात. रायभोग भात खाचरात पिवळं व्हायला लागलेलं असायचं आणि त्याचा वास असा सुटायचा, की रिकाम्या पोटी शेताकडनं जाऊ नये. कारण कणगीत जुनं धान्य तळाला गेलेलं आणि नवं अजून उभं. मधल्या दिवसांत नाचणीची भाकर आणि ओहोळातल्या खेकड्यांचं कालवण. आई खेकडे पाट्यावर वाटायची, नांग्या तेवढ्या बाजूला काढून मला द्यायची. रात्री बाप शेतातल्या माळ्यावर बसून रानडुकरांना हाकलायचा. पत्र्याचा डबा वाजवायचा आणि मधेच लांब हाळी द्यायचा. पलीकडच्या माळ्यावरचा माणूस तिला उत्तर द्यायचा, त्याच्या पलीकडचा त्याला. अशी ती हाळी डोंगरभर फिरून परत आमच्याकडं यायची. मी घोंगडीत पडून ऐकायचो आणि मला वाटायचं, डोंगरच जागा आहे.

फराळ म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आमची दिवाळी म्हणजे वाघबारस. खाली गावांत त्या दिवशी वसुबारस करतात, गाय-वासराला पुजतात. आमच्याकडं वाघाला पुजायचं, कारण गाय ठेवायची का न्यायची हे त्याच्या हातात. वाडीच्या शिवेवर शेंदूर फासलेला एक दगड आहे, त्यावर वाघ कोरलेला. वाघ कसला, मांजरासारखा दिसतो, पण त्याच्याकडं पाठ करून कुणी उभं राहत नसे. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, दूध, गूळ गोळा करायची आणि शिवेवर एकाच हंड्यात खीर शिजायची. त्या दिवशी जे येईल ते त्या एका हंड्यात जायचं आणि तिथंच संपायचं. त्यातला कण घरी न्यायचा नाही. खीर खाऊन झाली, की रंग फासून वाघ झालेल्या पोराला वाडीतला सगळ्यात जुना माणूस विचारायचा, "आमच्या शिवेत पुन्यांदा येशील का?" वाघानं म्हणायचं, "न्हाई येनार." मग सगळ्यांनी काठ्या आपटत त्याला पार टेकाडापलीकडं हाकलायचं. हे होईपर्यंत बाहेरची कुठलीही वस्तू शिवेच्या आत घ्यायची नाही. विचारणं एकदाच आणि उत्तरही एकदाच. त्यावर वाडीची वर्षभराची गुरं.

आता जुन्नरकडं उसात बिबटे झालेत. अंगणात येतात, कुत्री नेतात. फटाके लावतात, पिंजरे लावतात. त्याला कुणी विचारत मात्र नाही काही.

आमची शाळा भैरोबाच्या देवळाच्या ओट्यावर भरायची. पहिली ते चौथी, एकच गुरुजी. गुरुजी आणे गावचे, म्हणजे पठारावरचे. तिकडं पाऊस पडला तर लोक बाहेर येऊन बघतात, असं ते सांगायचे. आमच्याकडं पहिल्या वर्षी त्यांचं अंथरूण ओलीनं कुजलं, तरी ते गेले नाहीत. त्यांची एक रीत होती. शाळा भरली की पहिल्यांदा फळ्यावर वाडीची बातमी लिहायची. बातमी पोरांनी आणायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या खाचरात डुकरं शिरली, कुणाला पाहुणे बघायला आले. गुरुजी म्हणायचे, धड्यातलं वाचायला येईल तेव्हा येईल, आधी आपलं वाचा. मग असं झालं, की वाडीतली मोठी माणसं जाता-येता ओट्यापाशी थांबायची. वाचता एकालाही येत नव्हतं. पोराला म्हणायची, "काय लिवलंय, वाच बरं." आपल्याच घरचं वाचून दाखवलं की माणूस असा बघायचा, जसं कुणी त्याचं नाव देवळाच्या खांबावर कोरलंय. एकदा माझ्या बापाचं आलं, की त्यानं एकट्यानं बांध घातला. बाप दुसऱ्या दिवशी परत आला वाचून घ्यायला, आणि फळा पुसलेला बघून हिरमुसला.

सगळ्यात जास्त बातम्या आणायची ठकी. दगडूबाबांची नात, माझ्याच वर्गात. दगडूबाबा म्हणजेच वाडीतला सगळ्यात जुना माणूस, वाघाला विचारणारा. ठकीचा भाऊ गेणू शाळेत बसायला भ्यायचा म्हणून आईनं तिला सोबतीला धाडलं होतं. गेणू भीत राहिला आणि ठकी शिकली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. माझी आई म्हणायची, ही पोरगी ज्याच्या घरी जाईल त्याचं जातं कधी गप राहायचं नाही. आईला काय माहीत, ती कुणाच्या घरी यायची होती.

त्या वर्षी भातं पिवळी व्हायच्या सुमाराला गुरुजींचा चेहरा उतरला. पोरं थोडी, म्हणून ही शाळा बंद करून सगळ्यांना शिनोलीला धाडायचं असं वर चाललं होतं. गुरुजींनी ते फळ्यावर लिहिलं नाही, पण ठकीनं ऐकलं आणि दुपारपर्यंत सगळ्या वाडीला कळलं. आम्हा पोरांना शिनोली लांब होती, ओढे आडवे होते, पण गेलो असतो रडतखडत. खरं सांगायचं तर शाळा बुडाली असती तरी मला वाईट वाटलं नसतं. प्रश्न पोरींचा होता. रानातनं तेवढं चालत पोरीला कोण पाठवणार? ठकीच्या आईनं तर सांगूनच टाकलं, की शाळा गेली तर दिवाळीनंतर शेरडं तुझ्याकडं. त्या दिवशी ती बांधावर बसून माझ्याशी बोलली नाही. ती बोलत नाही हे मी पहिल्यांदा बघितलं, आणि मला कसंतरी झालं.

गुरुजींनी मग एक खटपट केली. त्यांचा मेहुणा पेठच्या मोठ्या शाळेत मास्तर होता. त्या शाळेत दर दिवाळीला पोरं घरून फराळ आणायची आणि कुठंतरी नेऊन वाटायची. गुरुजींनी मेहुण्याला सांगितलं, यंदा आमच्याकडं या, आणि येताना साहेबांना घेऊन या. साहेब म्हणजे शाळा ठेवायची का नाही हे सांगणारे. त्यांनी एकदा आमची पोरं डोळ्यानं बघावीत, असं गुरुजींच्या मनात. निरोप आला, येतो. मग फळ्यावर मोठ्या अक्षरात बातमी लागली, की सुट्टी लागायच्या दिवशी पेठच्या शाळेची मुलं आपल्याला दिवाळीचा फराळ घेऊन येणार आहेत, साहेबही येणार आहेत. दगडूबाबांनी ठकीकडनं ती वाचून घेतली, काठीवर हनुवटी टेकवली आणि म्हणाले, "गुरुजी, त्या दिवशी वाघबारस हाय."

गुरुजी पठारावरचे, त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिवस बदलता येईना, कारण दुसऱ्या दिवसापासून तिकडं सुट्टी. ते दोघं देवळात बराच वेळ बसले होते. गुरुजी हळू बोलत होते, बाबा मान हलवत होते, होकाराची नाही, नकाराचीच. पाहुण्यांना शिवेवरनं परत लावलं तर साहेब काय म्हणतील, ह्या लोकांना शाळा नकोच आहे म्हणतील, असं गुरुजींचं. बाबांचं एकच. परत लावत नाही, पण शिवेच्या आतही घेत नाही. शेवटी ठरलं, पाहुण्यांनी वाघापाशीच बसायचं. बाबा म्हणाले, "त्या दिशी जो येईल तो वाघाचा पावना. जेवूनच जाईल. पर त्याचं बी हंड्यातच जाईल." गुरुजींना वाटलं आपली सोय झाली. हंड्यात म्हणजे काय, हे त्यांनी नीट विचारलं नाही.

त्या वर्षी वाघ मी होतो. आईनं मला उघडा करून अंगभर गेरू फासला, त्यावर कोळशाचे पट्टे, पोटाला चुना. सुताचं शेपूट. वाघाच्या जोडीचं अस्वल व्हायचा होता गेणू, काळी घोंगडी पांघरून. पण त्याला ताप भरला म्हणे. तरी अस्वल वेळेवर आलं, चारी पायांवर, घोंगडी पार नाकापर्यंत. मी म्हणालो, "गेण्या, बरा झालास?" अस्वल नुसतं घुरघुरलं. मला वाटलं, चांगलं करतंय.

दुपार कलली आणि खालच्या वळणावरनं पाहुणे दिसले. मी आजवर लई काही बघितलं. धरण भरताना बघितलं, लेकाला पोचवायला गेलो तेव्हा विमानं बघितली. पण तसं नाही बघितलं. पिवळ्या भातातनं पांढऱ्या सदऱ्यांची एक ओळ वर येत होती. पोरं, पोरी, पायांत बूट, प्रत्येकाच्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. एवढी पोरं एका जागी असू शकतात हेच मला ठाऊक नव्हतं. बापाला विचारलं, ही सगळी एकाच गावची? बाप म्हणाला, "व्हय असतील." त्याचाही विश्वास बसलेला नव्हता. आमच्या बाया डोक्यावरचे पदर सावरत उभ्या होत्या. वर चढून ती पोरं आमच्यासमोर थांबली, आणि आमच्याकडं, म्हणजे माझ्याकडं बघतच राहिली. मधे तो दगड. त्यांना आम्ही नवल, आम्हाला ती.

त्यांच्याबरोबर मंचरच्या एका मारवाडी दुकानदाराची बायको होती, सगळे तिला शेठाणी म्हणत. तिनंच ट्रक दिला होता आणि बुंदीच्या लाडवांची पाटी आणली होती. बाई थकली होती, दगडाला टेकायला गेली, तर माझ्या आईनं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि आपली घोंगडी अंथरून दिली. शेठाणीनं विचारलं, खिरीत काय काय आहे. तांदूळ, दूध, गूळ. मग म्हणाली, "चालतं मला. पण दिवस मावळायच्या आत हं बाई, नंतर मी तोंडात पाणीसुद्धा घालत नाही." ते ऐकून बाबांनी चुलाण्यात दोन लाकडं जास्त सारली. ज्याचा जो नेम, तो त्यानं पाळावा, एवढं आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

साहेब उभे राहून बोलले. टोपी, कोट, आवाज चांगला. ह्या गोरगरीब बालकांच्या तोंडी दिवाळीचा घास पडावा, असं काहीतरी. आमच्यातल्या कुणाला त्यातलं फार कळलं नाही, बरं झालं. मग त्यांनी आपल्या पोरांना सांगितलं, प्रत्येकानं एकेका मुलाला द्या. पोरं पुढं सरकली. तेवढ्यात बाबा आडवे आले आणि हंड्याकडं बोट दाखवलं. साहेबांना कळेना. गुरुजींना कळलं आणि त्यांनी डोळे मिटले. पहिल्या पोरीनं, भित्री होती बिचारी, आपलं फडकं सोडलं आणि बाबांनी ते तिच्या हातानंच हंड्यावर उपडं केलं. लाडू गेले. शंकरपाळी गेली. मागनं करंज्या, अनारसे. इथपर्यंत ठीक. मग शेव गेली, चिवडा गेला, आणि चकल्या. खीर रटरटत होती आणि वर चकल्या तरंगत होत्या. पेठचा एक जाडा मुलगा रडायलाच आला. म्हणाला, "आईनं तीन दिवस केलंय हो." बाबा त्याला म्हणाले, "म्हनूनच वाघाला दिलं. कालचं शिळं दिलं असतं का?" त्यावर शेठाणी हसली. तोंडाला पदर लावून एवढी हसली, की आमच्या बायाही हसल्या, आणि मग सगळंच सैल झालं.

ती खीर पळसाच्या पानांवर वाढली. ती पोरं आणि आम्ही एका पंगतीत, एक त्यांचा एक आमचा, असं बाबांनीच बसवलं. खायला कुणी धजेना. मग शेठाणीनं पहिला घास घेतला. तिला फराळ पडायच्या आधी काढून ठेवलेली नुसती खीर दिली होती, पण तिनं घेतला खरा. साहेबांनी मात्र हंड्यातली घेतली. मी साहेबांच्या तोंडाकडं बघत होतो. गोड, तिखट, खारट, तुपाचा वास, मधेच दाण्याचा कुटका. त्यांनी पान पुसून खाल्लं. मीही खाल्ली. त्या चवीला नाव नाही. घराघरातले सगळे हात एकदम तोंडात आल्यासारखं वाटलं. दर वाघबारशीला आमच्या घरी खिरीवर मूठभर शेव टाकायची पद्धत पुढं ठकीनं पाडली. सुना नाक मुरडायच्या. यंदा कोण टाकतंय.

खाणं झालं. बाबा उठले, काठी घेऊन दगडाच्या शेजारी उभे राहिले. मी समोर येऊन गुडघ्यांवर बसलो, माझ्याशेजारी अस्वल. सगळी वाडी मागं काठ्या घेऊन उभी. पाहुण्यांची पोरं नीट दिसावं म्हणून पुढं सरकून बाबांच्या अगदी समोर आली होती. बाबांची नजर अधू होती, ते कुणाकडं बघतायत हे कुणालाच कळायचं नाही. त्यांनी आवाज चढवला, "आमच्या शिवेत पुन्यांदा येशील का?" मी तोंड उघडायच्या आत ती सगळी पोरं, शाळेत शिकवलेल्या एका सुरात, ओरडली, "हो! येऊ!" त्यांना वाटलं, म्हातारे बाबा त्यांनाच विचारतायत. आणि साहेबही हसत हसत म्हणाले, "येऊ की बाबा, दरवर्षी येऊ."

मी तो गपपणा कधी विसरणार नाही. मागं काठ्या होत्या, एकही आपटली नाही. माझ्या आईनं तोंडावर हात घेतला होता. शिवेवर, वाघाच्या दगडापाशी, 'येऊ' असं उत्तर गेलं होतं. पाहुण्यांच्या पोरांना काय चुकलं ते कळेना, पण काहीतरी चुकलं एवढं त्यांनाही कळलं आणि ती एकमेकांना चिकटली. गुरुजी पुढं जाऊन साहेबांच्या कानाशी काय ते बोलले. साहेब म्हणाले, "लहान मुलं आहेत बाबा, सोडून द्या." बाबा म्हणाले, "सोडाया माझं काय हाय त्यात? मी इचारलं. त्यानं ऐकलं." आणि दगडाकडं बघितलं. त्यांना पुन्हा विचारता येत नव्हतं, आणि न विचारता वाडीला घरी जाता येत नव्हतं. मी वाघ. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. माझ्या घशात चकलीचा तुकडा होता आणि जीभ हलत नव्हती.

तेव्हा माझ्या शेजारचं अस्वल बोललं. "वाघ कुठं बोललाय अजून?"

पोरीचा आवाज. गेणूची आई "अगं बया" म्हणून मटकन बसलीच. अस्वलानं घोंगडी मागं सारली आणि आतनं ठकीचं घामानं भिजलेलं तोंड बाहेर आलं. पोरीनं अस्वल होणं आमच्याकडं कधी झालं नव्हतं. ती बाबांना म्हणाली, "आज्या, वाघ न्हाई बोलला. हे बोलले. यायचं ह्यांनी कबूल केलंय. मग ह्यांनी यावं. वाघाचं अजून इचारायचंच हाय."

बाबा तिच्याकडं वळले. मग त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मागं माणसं कुजबुजली, बरोबर हाय, पोरगी बरोबर बोलतीय. पण ठकी थांबायची नव्हती. ती साहेबांकडं वळली. चारी पायांवरच होती अजून, उठायचं तिच्या ध्यानात आलं नसावं. "साहेब बी म्हनले, दरवर्सी येऊ. मी ऐकलंय. पर येनार कुनाकडं? शाळा ऱ्हायली तर येनार ना. शाळा न्हाई तर ही पोरं कुनाकडं येतील? मग वाघापाशी खोटं पडलं."

गुरुजींनी मान दुसरीकडं फिरवली. साहेब हसायला गेले, पण त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही. बाबा काठी टेकत त्यांच्यापाशी गेले. रागानं नाही, आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलले. "साहेब, तुमी वरचं बघणारं मानूस, आमी काय सांगावं. पर हितं दिलेला सबूद मोडला तर आमची गुरं जात्यात. तुमाला काय न्हाई व्हायचं. आमाला व्हईल. आत्ताच सांगा, ह्यो सबूद वाघाला देऊ का सोडू?"

मला पुढं कळलं, गुरुजींनीच सांगितलं, की शाळा बंद करायचं साहेबांचं जवळजवळ ठरलेलं होतं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की साहेब दगडाकडं बघतायत, मग ठकीकडं, मग आपल्या पोरांकडं. शेठाणी सूर्याकडं बघत होती, तो टेकाडाला टेकला होता. साहेब खाली वाकले, बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट बाजूला ठेवले आणि मोज्यांवरनं चालत दगडापाशी गेले. टोपी काढली. हात ठेवला. शेंदूर त्यांच्या बोटांना लागला. म्हणाले, "येईन." मोठ्यानं नाही म्हणाले. पण सगळ्यांनी ऐकलं.

आले. दुसऱ्या वर्षी आले, तिसऱ्या वर्षी आले. बदली होऊन लांब गेले तेव्हाही एकदा एसटीनं आले, एकटेच, हातात लाडवांचा डबा, आणि डबा स्वतः हंड्यावर उपडा केला. शाळा राहिली. ओट्यावरनं पुढं पत्र्याखाली गेली, पत्र्याखालनं स्लॅबखाली. ठकी चौथी पास झाली, आमच्या वाडीतली पहिली पोरगी. मीही झालो, पण मी कसातरी. लग्नानंतर तहशीलीत, दवाखान्यात, बँकेत, जिथं जिथं माझी जीभ हलली नाही तिथं तीच बोलली. शेवटी मंचरच्या दवाखान्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगत होते, तर खाटेवरनं म्हणाली, "हिकडं सांगा डॉक्टर. मरायचं मला हाय, त्याला काय सांगताय." डॉक्टरनं तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, जेवून घे. असं माणूस माझ्या वाट्याला का आलं, याचा मला साठ वर्षांत उलगडा झाला नाही. घर आता गप आहे. सून चांगली आहे, नात चांगली आहे, तरी गप आहे.

त्या संध्याकाळी बाबांनी मला पुन्हा विचारलं आणि मी म्हणालो, "न्हाई येनार." आवाज फाटला, पण म्हणालो. मग वाडीच्या काठ्या आपटल्या, आणि पेठची पोरंही हाताला येईल ते घेऊन आपटायला लागली, शेठाणीनं रिकामी पाटी बडवली, आणि तो आवाज असा उठला, की समोरच्या डोंगरानं तो परत टाकला. मी पळालो. माझ्याबरोबर अस्वल पळालं. मागं बघायचं नसतं. टेकाड ओलांडून पलीकडच्या उतारावर करवंदीच्या जाळीमागं आम्ही दम खात बसलो. गेरू घामानं ओघळून माझ्या डोळ्यांत जात होता. पलीकडनं अजून आरोळ्या येत होत्या, त्यांची पोरं कुठली आणि आमची कुठली ते कळत नव्हतं. ठकीनं घोंगडीच्या घडीत हात घातला आणि एक चकली काढली. आख्खी, एकही काटा न मोडलेली. मी भ्यालो. आजचा कण ठेवायचा नसतो, हे तिला काय मी सांगायचं? तिच्याच आज्याचा नेम.

मी म्हणालो, "ठके, वाघानं बघितलं तर?"

तिनं चकली मधोमध मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"वाघ तूच हायेस," ती म्हणाली. "बघ आन खा गप."